सदस्य क्रमांक दोन

'घरहिशेब'नं स्वतःच्या मरणाची बातमी स्वतःच दिली, आणि तीसुद्धा पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, पिवळ्या चौकोनात, कुणाला त्रास नको म्हणून दिल्यासारखी. 'एकतीस मार्च दोन हजार बेचाळीसनंतर हा प्रोग्रॅम चालणार नाही. इतकी वर्षं सोबत राहिल्याबद्दल आभार. कृपया दुसरा पर्याय निवडावा.'

शिरीष दाबक्यांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. 'दुसरा पर्याय निवडा' असं त्यांना सांगणारं हे दुसरंच. पहिली त्यांची मावसबहीण. वैजयंती गेल्यावर सहा महिन्यांतच ती मिरजेहून एका सुस्वभावी बाईंचा फोटो घेऊन आली होती. तिला शिरीषरावांनी चहा पाजून वाटेला लावलं होतं. कॉम्प्युटरला चहा पाजता येत नव्हता.

त्यांची सारी नोकरी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. उसाच्या रसात साखर किती, हे मोजून सांगायचं, आणि मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही. घरी आल्यावर मात्र मोजमापाचा कारभार वैजयंतीकडे. दर रविवारी संध्याकाळी दिवे लागले, की दोघं कॉम्प्युटरपुढे बसत. खिशातून, पिशवीतून निघालेल्या पावत्या शिरीषराव मोठ्यानं वाचत आणि वैजयंती टाइप करी. पण वाचलं आणि लगेच टाइप झालं, असं कधी होत नसे. मध्ये एक शब्द असे.

"स्क्रू ड्रायव्हर, एकशे ऐंशी."

"कशाला?"

"जुना सापडत नव्हता."

"जुना फ्रिजवर आहे."

मग टक टक टक. नोंद होई. वैजयंतीनं काही कधी अडवून धरलं नाही. पण तिच्या 'कशाला'च्या नाक्यावर थांबल्याशिवाय एकही रुपया त्या घरातून हिशेबात गेला नाही. आधी वहीत, मग कॉम्प्युटरवर, अशी चाळीस वर्षं.

आता ती जाऊन तीन वर्षं झाली होती. शिरीषराव अजूनही रविवारी पावत्या मोठ्यानं वाचत, थोडं थांबत, आणि मग स्वतःच एका बोटानं टाइप करत. हे थोडं थांबणं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच. माणूस थांबतो कधी कधी.

खरं म्हणजे टाइप करायची गरज तेव्हा कुणालाच उरली नव्हती. दुकानात पैसे दिले, की घरचा कॉम्प्युटर ते आपसूक लिहून घेई. सांगलीच्या विश्रामबागेत कागदी पावती मागणारं शेवटचं गिऱ्हाईक म्हणून शिरीषरावांची ख्याती होती. किराणावाला त्यांच्या एकट्यासाठी कागदाचं भेंडोळं ठेवी आणि ते दारात दिसले की हसत सुटे.

त्यांची मुलगी मृण्मयी, म्हणजे मनू, पुण्याला असे. तिनं तीन नावं पाठवली. "तिन्ही वापरून बघा बाबा, आणि आवडेल ते ठेवा. आम्ही 'सहभाव' वापरतो."

पहिला 'धनसखा'. तो उठता बसता कौतुक करी. "वा, शिरीष! गिरणीतून दळून आणून तुम्ही आज अकरा रुपये वाचवलेत!" आणि पडद्यावर फुलं पडत. शिरीषरावांचं आयुष्यात एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं, आणि झालं ते गव्हाच्या दळणाबद्दल झालं. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याला काढून टाकलं.

दुसरा 'कुबेरनीती'. तो गंभीर होता. त्यानं तासाभरात घराची पाहणी केली आणि अहवाल दिला, की आतली खोली गेली तीन वर्षं काहीच उत्पन्न देत नाही, ती भाड्यानं द्यावी. आतल्या खोलीत वैजयंतीचं शिलाई मशीन होतं. कुबेरनीती चौथ्या दिवसाची वाट न बघता गेला.

तिसरा 'सहभाव'. त्याला शिरीषरावांनी घरहिशेबाच्या सगळ्या जुन्या नोंदी दिल्या. तो काही न बोलता बराच वेळ विचार करत राहिला. हे त्यांना आवडलं. मग पडद्यावर उमटलं :

'दाबके कुटुंब. प्रौढ सदस्य : २.'

शिरीषरावांनी दोनाचा एक केला.

'आपली दुरुस्ती नोंदवली आहे. धन्यवाद. प्रौढ सदस्य : २.'

इतक्या नम्रतेनं न ऐकणं त्यांनी आजवर फक्त कचेऱ्यांतल्या खिडक्यांवर पाहिलं होतं. त्यांनी पुन्हा एक केला. सहभावनं पुन्हा आभार मानले आणि दोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनूचा फोन आला.

"बाबा, घरी कोण आहे?"

"मी आहे."

"आणखी?"

"आणखी कुकर आहे. दोन शिट्ट्या झाल्यात, लवकर बोल."

"मस्करी नको हं. कुणी बाई आहे का घरात?"

"सुमन येते की भांड्याला."

"राहायला, बाबा! राहायला!"

शिरीषरावांनी कुकर बंद केला. हे प्रकरण तिसऱ्या शिट्टीत संपणारं दिसत नव्हतं. मनूचा आवाज खाली आला. "हे बघा, तुम्हाला सोबत हवी असेल तर माझी काही ना नाही. पण आधी सांगायचं ना. मला हे एका सॉफ्टवेअरकडून कळावं?"

"काय कळलं तुला?"

"मला मेसेज आलाय. 'आपल्या वडिलांच्या घरी दुसरी प्रौढ व्यक्ती राहत असल्याचे दिसते. ज्येष्ठांच्या फसवणुकीची शक्यता लक्षात घेऊन कुटुंबीयांनी चौकशी करावी.' आणि खाली वर्णन आहे."

"वाच."

"स्त्री. वय साठ ते सत्तर. गुरुवारी उपास. तिखट कमी. वांगं खात नाही. खरेदीच्या निर्णयावर..." मनू थांबली.

"पुढं?"

"खरेदीच्या निर्णयावर सातत्यानं हरकत घेते."

फोनमधून पुण्यातला एक हॉर्न ऐकू आला आणि विरला.

"बाबा," मनू म्हणाली, "ही तर आई आहे."

त्या दिवशी शिरीषरावांनी सहभावची माहितीपुस्तिका प्रयोगशाळेतल्या शिस्तीनं, पेन्सिल हातात धरून वाचली.

सहभावची सगळी हुशारी एका जुन्या युक्तीवर उभी होती, आणि ती युक्ती आकाशातली होती. दोनशे वर्षांपूर्वी खगोलशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की युरेनस हा ग्रह गणितानं आखून दिलेल्या वाटेनं चालत नाही. कुठं पुढं सरकतो, कुठं मागं रेंगाळतो. गणित चुकलं म्हणावं, तर बाकीचे ग्रह त्याच गणितानं बिनबोभाट फिरत होते. मग काहींनी म्हटलं, याला बाजूनं कुणीतरी खेचतंय. किती खेचतंय यावरून ते कुठं असेल हे कागदावर मांडलं, दुर्बीण तिकडे वळवली, आणि नेपच्यून सापडला. न दिसणारा ग्रह दिसणाऱ्याच्या वाकड्या चालीवरून पकडला गेला.

सहभाव माणसांच्या बाबतीत तेच करी. त्याच्याजवळ एकट्या राहणाऱ्या लाखो माणसांचे हिशेब होते. एकाहत्तर वर्षांचा, सांगलीत राहणारा, एवढी पेन्शन असलेला, सर्व दात शाबूत असलेला एकटा पुरुष आठवड्याला काय घेईल, ही झाली आखलेली वाट. दाबके प्रत्यक्षात काय घेतात, ही त्यांची चाल. दोहोंतला फरक जर सारखा एकाच बाजूला पडत असेल, तर त्या बाजूला कुणीतरी आहे. सहभावला माणूस दिसत नसे. फक्त खेच दिसे. ती खेच करणारं माणूस हयात असलंच पाहिजे, असं काही गणितात नव्हतं. सॉफ्टवेअर लिहिणारी मंडळी तिशीच्या आतली होती. त्यांना हे सुचलं नाही, यात त्यांचा दोष नव्हता.

पुढे दाबके कुटुंबाविषयीचे पुरावे दिले होते. शिरीषराव बुधवारी साबुदाणा घेत, कारण गुरुवारी खिचडी होई. उपास करणारं माणूस नसलं तरी होई. लोणचं झणझणीत, पण भडंग मात्र कमी तिखट. बाजारातून येताना जवळची गल्ली सोडून ते गजरेवालीच्या कोपऱ्यावरून येत. गजरा कधी घेत नसत. आणि वांगी. कृष्णाकाठची वांगी सगळा महाराष्ट्र वाखाणतो. शिरीषरावांचा तर त्यांवर बालपणापासून जीव. पण चिपळूणच्या वैजयंतीचा वांग्यानं घसा खाजे, आणि एकाच स्वयंपाकघरात दोन भाज्या करायला ते काही हॉटेल नव्हतं. गेली तीन वर्षं त्यांना वांगी खायला कुणाचीही बंदी नव्हती. तीन वर्षांत त्यांनी एकही वांगं घेतलं नव्हतं. घेतलं नव्हतं हे त्यांना आज, ओळ क्रमांक चौदा वाचताना कळलं.

शेवटच्या पानावर आलेख होता. 'सदस्य २ : खेच.' वैजयंती गेली त्या वर्षी चौऱ्याण्णव टक्के. मग एकोणनव्वद. मग चौऱ्याऐंशी. आता अठ्ठ्याहत्तर. आणि तळटीप : 'खेच वीस टक्क्यांखाली गेल्यास सदस्य आपोआप वगळला जाईल. आपल्याला काही करावे लागणार नाही.'

शिरीषरावांनी ग्राफपेपर काढला. रेघ पुढं ओढली. ती वीस टक्क्यांना त्यांच्या वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी छेदत होती. मागच्याच महिन्यात डॉक्टर म्हणाले होते, "दाबके, तुम्ही नव्वदी सहज गाठता." तेव्हा त्यांनी डॉक्टरांना पेढे दिले होते. आता पहिल्यांदाच त्यांना स्वतःच्या प्रकृतीची काळजी वाटू लागली.

आपण वैजूला विसरतोय, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. तिचं सगळं आठवत होतं. पण हा आकडा आठवणींचा नव्हताच. ती शेजारी असल्यासारखं त्यांचं पाऊल किती वाकडं पडतं, याचा तो होता. आणि पाऊल हळूहळू सरळ पडू लागलं होतं.

ते थांबवायचं त्यांनी ठरवलं. एकतीस मार्चला घरहिशेब बंद होणार, त्याच दिवशी सहभावची फुकट मुदतही संपणार. तोवर आकडा वर न्यायचा आणि मग पैसे भरून कायम ठेवायचा.

गजरेवालीच्या कोपऱ्यावर ते पहिल्यांदाच थांबले.

"मोगऱ्याचा द्या एक."

"कुणासाठी ओ काका?"

"कॉम्प्युटरला दाखवायला."

"कॉम्प्युटरला गजरा?"

"घालायचा नाही त्याला. नुसतं पटवायचंय."

"बाईमाणसाला पटवत्यात गजऱ्यानं," गजरेवाली म्हणाली आणि वर एक फूल जास्त लावून दिलं. हा गृहस्थ बिघडलाय, अशी तिची खात्री झाली असावी.

त्यांनी वैजयंतीचा चंदनाचा साबण आणला. तिची लोकर आणली, राणी रंगाची. शब्दकोड्यांचं मासिक सुरू केलं. साबण नुसता ठेवला तर ओळखू येईल म्हणून त्याच साबणानं आंघोळ केली. अंग पुसून बाहेर आले, तर घरात कुणीतरी आत्ताच न्हाऊन गेल्यासारखा वास. शिरीषराव त्या वासामागं हॉलमध्ये गेले, स्वयंपाकघरात गेले, आतल्या खोलीत शिलाई मशीनपाशी जाऊन उभे राहिले. वास कुठंच कमी होईना. मग त्यांच्या लक्षात आलं, की तो आपल्याच अंगाला येतोय.

रविवारी त्यांनी आकडा पाहिला. एकाहत्तर.

त्यांनी खरेदी वाढवली. पुढच्या रविवारी चौसष्ट.

मग त्यांनी पुस्तिकेतलं बारीक अक्षरांतलं पान वाचलं. 'ठरवून केलेली खरेदी म्हणजे खेच नव्हे. सवय चालता चालता वळते. हेतू सरळ दुकानात शिरतो. हेतुपुरस्सर नोंदी वाढल्यास मूळ खेच त्या प्रमाणात कमी धरली जाते.' उसाच्या मोळीत वजनाला ओलं पाचट भरणारा गडी शिरीषराव फाटकातूनच ओळखत असत. आता सहभाव फाटकात उभा होता आणि मोळी त्यांच्या डोक्यावर होती.

शेवटच्या शनिवारी मनू आली. नवऱ्याला आणि मुलीला न घेता, एकटीच.

"इरा? ऋत्विज?"

"इराची परीक्षा आहे. ऋत्विज..." ती चप्पल काढताना वाकली ती वाकूनच बोलली, "ऋत्विज बरा आहे."

तिनं टेबलावरची लोकर पाहिली, सुकलेले गजरे पाहिले. सगळा प्रकार ऐकून घेतला. हसेल असं वाटलं होतं, ती हसली नाही.

"चौसष्ट म्हणजे काही कमी नाही, बाबा."

"अठ्ठ्याहत्तर होते. मी हातानं घालवले."

"तरी चौसष्ट." मनूनं लोकरीचा गुंडा उचलला आणि त्याचं टोक शोधू लागली. "आमच्याकडे काय दाखवतं माहितीये? सदस्य दोन. मी आणि इरा. ऋत्विजला त्यानं वेगळं काढलंय. 'एकाच पत्त्यावरील स्वतंत्र घटक.'"

"भांडलात काय?"

"कधीच नाही. तेच तर." टोक सापडलं, तिनं ते बोटाला गुंडाळलं. "त्याला हवं ते तो मागवतो, मला हवं ते मी. रात्री दारात दोन वेगळे डबे येतात. त्यानं ड्रोन घेतला, मी म्हटलं छान. मी नोकरी सोडायची म्हटलं, तो म्हणाला तुला योग्य वाटेल ते कर. कुणी कुणाच्या आड येत नाही. मला वाटायचं आम्ही किती सुखी आहोत. आणि तुमच्याकडे आई जाऊन तीन वर्षं झाली, तिची खेच चौसष्ट. माझा नवरा समोर सोफ्यावर बसलाय आणि मशीनला दिसत नाही, बाबा."

शिरीषरावांना सांत्वन जमत नसे. ते खातं वैजयंतीकडे होतं.

"तुझी आई," ते म्हणाले, "चाळीस वर्षं माझ्या आड आली."

"मग?"

"मग काय. वैताग यायचा."

मनू आता हसली, आणि हसता हसता तिनं डोळे लोकरीला पुसले. शिरीषरावांनी खिडकीबाहेर बघितलं. बराच वेळ बघण्यासारखं तिथं काही नव्हतं, तरी बघितलं.

"वांगी करायची का?" ते एकदम म्हणाले.

"आपल्या घरात?"

"दुसऱ्या कुणाच्या घरात आपल्याला कोण करू देणार?"

मनूलाही वांगी आवडत. म्हणजे आवडतील असं तिला लहानपणापासून वाटत आलं होतं. दोघं मिळून बाजारात गेली. काटेरी देठाची, जांभळ्यावर पांढऱ्या रेघा असलेली वांगी निवडली. आकडा किती पडेल, हे शिरीषरावांना विचारायचं भान राहिलं नाही. घरी दाण्याचं कूट, खोबरं, तीळ, मसाला भरून त्यांनी वांगी शिजवली. मसाला काही आत राहिला, काही बाहेर आला. रविवारी दुपारी बाप-लेक गरम भाकरी घेऊन समोरासमोर बसली, पाहुण्यासारखी, जरा अवघडून.

पहिला घास झाला. दुसरा झाला.

"कशी झालीत?" मनू म्हणाली.

"बरी झालीत."

"एवढंच? एवढी वर्षं तुम्ही..."

"तुला कशी वाटली?"

मनूनं विचार केला. "आई म्हणायची तेवढी वाईट नाहीत. तुम्ही म्हणायचात तेवढी चांगली पण नाहीत."

शिरीषरावांनी मान डोलावली. थोड्या वेळानं ते म्हणाले, "घसा खाजतोय का गं तुझा?"

"नाही. का?"

"काही नाही." ते पाणी प्यायले. आणखी एक भांडं प्यायले.

संध्याकाळी दिवे लागले. घरहिशेबाचा हा शेवटचा रविवार. मनू आपण होऊन कीबोर्डपुढे, आईच्या खुर्चीत बसली. शिरीषरावांनी पिशवीतून पावत्या काढल्या.

"ज्वारीचं पीठ, दोन किलो."

टक टक टक.

"दाण्याचं कूट, पाव किलो."

टक टक.

"वांगी, अर्धा किलो."

टक टक झालं नाही. मनूचे हात कीबोर्डवर थांबले होते. तिनं मान वळवली नाही, पडद्याकडे बघतच, तोंडातून निसटल्यासारखं म्हणाली, "कशाला?"

शिरीषरावांनी पावती टेबलावर ठेवली. मनूनं ओठ दाबून धरले. आपण काय म्हणालो, ते तिला म्हणून झाल्यावर ऐकू आलं होतं.

"मुलगी आली होती माहेरी," शेवटी शिरीषराव म्हणाले, "तिला खायची होती."

टक टक टक टक.

नोंद झाली. घरहिशेबानं शेवटची बेरीज दाखवली, पुन्हा एकदा आभार मानले, आणि स्वतःचं दार लावून घेतलं.

"आता कुठला ठेवायचा?" मनूनं विचारलं.

चौथा एक प्रोग्रॅम होता. 'बेरीज' नावाचा. इचलकरंजीतल्या एका निवृत्त शिक्षकानं स्वतःपुरता केलेला आणि मग हवा त्याला फुकट वाटलेला. त्याला दुकानांशी बोलता येत नसे, माणसं ओळखता येत नसत, भाकीत करता येत नसे. आपण एक नोंद टाइप करायची, की तो विचारी, 'बरोबर?' आणि आपण उत्तर देईपर्यंत स्वस्थ बसून राही. कितीही वेळ. चालू जमान्यात याहून मागासलेलं सॉफ्टवेअर मिळणं कठीण होतं.

"हा," शिरीषराव म्हणाले. "हा थांबतो."

"आणि आकडा? त्यात आई दिसायची नाही, बाबा."

"सहभाव लिहिण्याआधी थांबतच नाही गं. मी पैसे दिले, की तो लिहून मोकळा. तिला बोलायला जागाच नाही."

मनूनं मुकाट्यानं सहभावचं पान उघडलं. आकडा तिनं बोटानं झाकून ठेवला. खातं बंद करायची आज्ञा दिली. सहभावनं विचार केला.

'हे संयुक्त कुटुंब खाते आहे. बंद करण्यासाठी दुसऱ्या प्रौढ सदस्याची संमती आवश्यक आहे. सदस्य २ यांना विचारणा पाठवली आहे. हरकत असल्यास त्यांनी दहा मिनिटांत नोंदवावी.'

"कुठं पाठवली म्हणे विचारणा?" शिरीषराव म्हणाले.

"देव जाणे."

दोघं बसून राहिली. पडद्यावर एक छोटं वर्तुळ फिरत होतं. खाली कुणीतरी स्कूटर लावली. मनूनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, शिरीषरावांनी हात वर करून तिला थांबवलं. का थांबवलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ते ऐकत होते. त्यांनी मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवला नव्हता जन्मभर. आणि आता एका फिरणाऱ्या वर्तुळाकडे ते असे बघत होते, जशी लग्नानंतरच्या नव्या दिवसांत, त्यांना कारखान्यातून यायला उशीर झाला की, दाराकडे वैजू बघत असे.

ती हरकत घेणार, अशी त्यांची खात्री होती. ही गोष्ट अशी सोडून देणारी बाईच नव्हे ती.

वर्तुळ थांबलं.

'सदस्य २ यांच्याकडून कोणतीही हरकत आलेली नाही. संमती गृहीत धरली आहे. खाते बंद झाले. धन्यवाद.'

शिरीषराव बराच वेळ ती ओळ वाचत राहिले. तीन वर्षांपूर्वी दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं, नातेवाइकांनी सांगितलं होतं, दाखल्यावर शिक्क्यासकट लिहून आलं होतं. त्या कशानं त्यांना जे पटलं नव्हतं, ते या ओळीनं पटवलं.

"हरकत घेतली नाही तिनं," ते म्हणाले.

मनूनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बाप-लेक तशीच बसली. चंदनाच्या साबणाचा वास कुठून तरी येत होता. कुठून ते दोघांनाही माहीत होतं.

एप्रिलात मनूचा फोन आला.

"बाबा, आमच्याकडे काल जोरात भांडण झालं."

"कशावरून?"

"ऋत्विजनं आणखी एक ड्रोन मागवला. मी म्हटलं, कशाला?"

"मग?"

"आधी त्याला कळेचना मी काय बोलतेय ते. मग तासभर बोलला. मग म्हणाला, तू एवढ्या वर्षांत कधी विचारलंच नाहीस. मग जेवण राहिलं म्हणून एकच डबा मागवला. कारल्याची भाजी निघाली. दोघांनाही आवडत नाही."

"खाल्लीत?"

"अर्धी अर्धी."

"छान," शिरीषराव म्हणाले. "मशीन काय म्हणतं?"

"बघितलं नाही, बाबा."

फोन ठेवून ते पिशवी घेऊन बाजारात गेले. टोमॅटो घेतले, दोडका घेतला, कोथिंबीर घासाघीस न करता घेतली आणि लगेच मागं वळून बघितलं, सवयीनं. पुढच्या पाटीत कृष्णाकाठची वांगी रचली होती, नुकतं पाणी मारलेली, चकचकीत.

"घ्या की काका, ताजी हायत," भाजीवाली म्हणाली. "मागं लेकीला घिऊन आला व्हता."

शिरीषराव पाटीपुढं उभे राहिले. मग हाताला कुणी धरून हळूच पुढं काढावं, तसे पुढं सरकले. गजरेवालीच्या कोपऱ्यावरून घरी आले. रविवारी दिवे लागल्यावर पावती वाचली, थोडं थांबले, टाइप केलं. टोमॅटो, दोडका, कोथिंबीर.

'बरोबर?' बेरीजनं विचारलं, आणि वाट बघत बसला.

न घेतलेल्या वांग्यांची नोंद ठेवणारं आता त्या घरात कुणी नव्हतं. शिरीषरावांनी खूप वेळानं 'हो' म्हटलं.